आबांच्या तीन फ्लॉप्या

आबांची वाचा गेली तेव्हा मी धुळ्याला होतो. तिथल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा निदेशक होतो आणि दर शनिवारी दुपारची एसटी धरून नशिराबादला घरी जायचो. त्या आठवड्यात मधल्याच वारी कार्यालयात फोन आला. जळगावच्या दवाखान्यात पोचलो, तर आबा खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. उजवा हात आणि उजवा पाय निर्जीव. मला पाहून त्यांनी ओठ हलवले, आवाजही आला, पण तो कुठल्या शब्दाचा नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं सगळं त्यांना कळतंय, फक्त बोलणं गेलंय. थोडंफार परत येईल, कदाचित येणारही नाही.

ते परत आलं नाही. पाय जरा सुधारला, काठी घेऊन अंगणापर्यंत येऊ लागले. लिहून दाखवतील या आशेने मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, तर कागदावर नुसत्या रेघा उमटल्या. अक्षरंही बोलण्याबरोबरच गेली होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

आबा मुळातच फार बोलणारे नाहीत, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. जळगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, ते फिटर होते. आमच्या बौद्धवस्तीतून त्या जिनात गेलेले बाकी सगळे कापसाच्या गठाणी उचलायचे. हातात पाना घेणारे आबा पहिले. मी तीन वर्षांचा असताना आई गेली. तापाने गेली, एवढंच मला माहीत होतं. आबांनी दुसरं लग्न केलं नाही. माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, आणि मला त्यांनीच वाढवलं, आणि यातल्या कशाबद्दलही ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. अक्काशी मात्र बोलले होते.

ते मला त्यांच्या आजारपणानंतर कळलं. अक्का चोपड्याला दिलेली. ती माहेरी चार दिवस राहायला आली आणि निघताना तिने लोखंडी कपाटातून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. आत वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि त्यात ठेवलेल्या तीन फ्लॉप्या होत्या. मोठ्या, सव्वापाच इंची, हाताला वाकणाऱ्या.

लग्नाआधी अक्का जळगावात एका कचेरीत कॉम्प्युटरवर मराठी पत्रं टाइप करायची. शनिवारी काम दुपारी संपायचं, आणि तिचे साहेब तिला पुढे तासभर मशीन वापरू द्यायचे. आबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ते तिचा डबा घेऊन कचेरीत जायचे, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि स्वतःचं आयुष्य सांगायचे. ती टाइप करायची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, की शुद्ध मराठीत लिहू की कसं. आबांचं मूळ गाव धुळ्याच्या बाजूचं, त्यांची बोली अहिराणी. ते म्हणाले होते, "मी बोलस तसंच लिख."

असं दीड-दोन वर्षं चाललं होतं. तेव्हा मी नाशिकला शिकत होतो. एका फ्लॉपीत सगळं मावलं असतं, पण एक बिघडली तर बाकीचं तरी राहावं म्हणून अक्का दर काही महिन्यांनी नवी घ्यायची. कचेरीचा कागद आपल्यासाठी वापरू नये म्हणून तिने काहीच छापून घेतलं नव्हतं. पुढे तिचं लग्न झालं, कचेरीतली मशीनं बदलली, आणि डबा कपाटात राहिला.

"यात त्यांचं बोलणं आहे," अक्का म्हणाली. "तू यातला माणूस आहेस. काढ बाहेर."

मी यातला माणूस होतो तो रेडिओ आणि टीव्हीपुरता. कॉम्प्युटर मी वापरला होता, उघडला नव्हता. धुळ्यात एका क्लासमध्ये मोठ्या फ्लॉपीचं एक जुनं मशीन शिल्लक होतं, तिथे पहिली फ्लॉपी घालून पाहिली. फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसते चौकोन, टोप्या, कसल्यातरी परदेशी खुणा आल्या. ओळीच्या ओळी. एकही अक्षर लागेना. ते आबांचं बोलणं आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी बराच वेळ त्या खुणांकडे बघत बसलो.

कोडं सोडवलं ते धुळ्यातल्याच एका छापखान्याच्या मालकांनी. त्यांनी मी खुणा उतरवून नेलेला कागद पाहिला आणि सांगितलं, की पूर्वी मराठी अक्षरं दाखवायला मशीनमध्ये एक वेगळं कार्ड बसवावं लागे, त्याशिवाय हे वाचता येणार नाही. त्यांच्याकडे तसं एक कार्ड पडून होतं. नव्या पद्धतीत त्यांना ते लागत नव्हतं. कशासाठी हवंय हे मी सांगितल्यावर त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं, आणि ते चालवायची फ्लॉपीही दिली. क्लासवाले मात्र त्यांचं मशीन उघडू देईनात, आणि आबांना एवढ्या लांब आणणंही शक्य नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, की सुटे भाग घेऊन घरीच मशीन उभं करायचं.

जळगावच्या बाजारपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदार तरुण होता, मनापासून समजावून सांगणारा. त्याने माझ्यासमोर सगळ्यात नवा प्रोसेसर ठेवला, त्याच्या जोगता मदरबोर्ड ठेवला, रंगीत चित्रं पळवणारं कार्ड ठेवलं. मी प्रत्येक वस्तूला नको म्हणत गेलो. मला जुन्या पद्धतीचा मदरबोर्ड हवा होता, कारण छापखान्यातलं कार्ड फक्त लांब काळ्या स्लॉटमध्ये बसणारं होतं. नव्या बोर्डांवर आखूड पांढरे स्लॉट वाढत चालले होते आणि काळे एक-दोनच उरत होते. मला मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह हवा होता, आणि तोही जुन्या कमी क्षमतेच्या आणि नंतरच्या जास्त क्षमतेच्या अशा दोन्ही फ्लॉप्या वाचणारा. त्याला जोडायची पट्टीसारखी केबलसुद्धा वेगळी लागते; नव्या केबलींना तसं पसरट तोंड नसतं.

"सर, लोक पुढचं मशीन मागतात," तो म्हणाला. "तुम्ही मागचं मागताय."

मी त्याला खरं कारण सांगितलं. त्याने पुढे मांडलेले नवे भाग बाजूला सारले. मग म्हणाला, की ड्राइव्ह मी शोधून ठेवतो, पुढच्या शनिवारी या, आणि जमलं तर वडिलांना घेऊन या.

मी आबांना नेलं ते त्याने म्हटलं म्हणून. मनात असं काही नव्हतं, की त्यांचा काही उपयोग होईल. रिक्षाने जळगाव गाठलं, जिना चढायला वेळ लागला. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली आणि मी निवडून ठेवलेले भाग काउंटरवर मांडले. मदरबोर्ड मी जरा नवाच पसंत केला होता. त्याला काळे स्लॉट दोन होते, माझं काम भागत होतं. आबांनी डाव्या हाताने छापखान्याचं कार्ड उचललं. ते चांगलंच लांब होतं. त्यांनी ते बोर्डावर धरलं, तळहाताने अंतर मापलं, आणि कार्डाचं टोक जिथे येत होतं तिथे बोट ठेवलं. बरोबर तिथेच प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा येत होता. कार्ड बसलंच नसतं.

मी रोज मोजमाप शिकवणारा माणूस, आणि ते मला दिसलं नव्हतं.

दुकानदाराने आतून दुसरा बोर्ड आणला, वापरलेला, जुना. त्यावर प्रोसेसर एका कोपऱ्यात होता आणि स्लॉटांची बाजू मोकळी होती. आबांनी पुन्हा कार्ड धरून पाहिलं आणि मान डोलावली. त्यानंतर दुकानदार मला विचारीनासाच झाला. त्याने तीन कॅबिनेटं आबांपुढे ठेवली. त्यांनी एकेका पेटीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. पहिल्या दोन पेट्यांचा पत्रा कापल्यावर घासलेलाच नव्हता. केबलीची साल निघाली असती. तिसरी त्यांनी ठेवून घेतली. वीजपुरवठ्याचे डबे दुकानदाराने एकेक चालू करून दाखवले. आबा डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकायचे आणि तळहात टेकवून थरथर बघायचे. जिनात रोलर सुरू झाला, की बेअरिंग कुठे खातंय ते ते असंच ओळखायचे, हे मला अक्काने सांगितलेलं. चौथा डबा त्यांना पटला. मॉनिटर निवडताना दुकानदाराने सवयीने फुलांची चित्रं लावली. आबांनी हाताने नको अशी खूण केली. मग त्याने अक्षरं लावली, आणि ज्या पडद्यावर ती हलत नव्हती तो आबांनी दाखवला. नशिराबादच्या विजेचा भरवसा नव्हता, म्हणून स्टॅबिलायझर घेतला. जुना ड्राइव्ह दुकानदाराने कुठून तरी मिळवला होता.

आजारपणानंतर त्या दिवशी प्रथमच आबा दमून, पोटभर जेवून झोपले.

जोडणी रविवारी दुपारी अंगणातल्या उजेडात केली. आबा स्क्रू हातात घेऊन आटे पाहत, आणि एकेक मला देत. माझ्याकडून एकदा ड्राइव्हची केबल उलटी लागली. दिवा लागला तो विझेना. ती सरळ केल्यावर चाललं. कार्डाची फ्लॉपी घातली. नंतर अक्काची पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर मराठी अक्षरं आली.

मी वाचायला लागलो. मूळ गावची नदी, आबांच्या आजोबांची चिलीम, पहिल्यांदा जिनात आले तेव्हा नाकातोंडात गेलेला कापूस. अक्काने खोकल्यानंतरचं थांबणंसुद्धा टिंबांनी दाखवलं होतं. मला अहिराणी वाचायची सवय नव्हती, मी अडखळत होतो. आबा खुर्चीत पुढे वाकून ऐकत होते. एका ठिकाणी मुकादमाची फजिती होती, तिथे ते हसले. त्या आवाजाला शब्द लागत नाहीत, म्हणून तो पूर्वीसारखाच होता. शेजारच्या भिंतीपलीकडून काकू, मी नसताना आबांकडे बघणारी, धावत आली, आबा बोलले का म्हणून.

पुढच्या रविवारी दुसरी फ्लॉपी घातली. सुरुवातीला नशिराबादला येण्याआधीची जिनाच्या चाळीतली खोली होती, अक्काचा जन्म होता, माझा जन्म होता. मी सहज वाचत चाललो होतो, आणि आईच्या तापाशी आलो. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी आईने आबांना सांगितलं, की आज घरी थांबा. ते वाचतानाही मला पुढचं समजलं नव्हतं. ओळ अशी होती: "मी बोलनू, सांजले लई जासू दवाखानामा. आन् कामले चालना गऊ."

संध्याकाळी दवाखान्यात नेतो म्हणाले आणि कामाला निघून गेले. हंगाम जोरात होता. आदल्याच महिन्यात त्यांना फिटर केलं होतं आणि ते अनेकांना आवडलं नव्हतं. त्या दिवशी गैरहजर राहिलो, तर पाना दुसऱ्याच्या हातात जाईल अशी त्यांना भीती वाटली. कोणी तशी धमकी दिली नव्हती, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते संध्याकाळी आले तेव्हा उशीर झाला होता. त्याखाली एक वाक्य होतं: "हाई मी पोऱ्याले आजलगून नही सांगेल."

तो पोऱ्या मी. माझं वाचणं थांबलं. मी आबांकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात टेबलावर आला आणि बोटाने दोनदा टेबल वाजलं. पुढे वाच. मी वाचलं. पुढे काय होतं ते त्या दिवशी मला काहीच कळलं नाही.

संध्याकाळच्या एसटीने मी धुळ्याला गेलो आणि त्यानंतरचे दोन शनिवार घरी आलो नाही. संस्थेत परीक्षा आहेत, असं काकूला कळवलं. परीक्षा नव्हत्या. राग होता असं मी म्हणेन, पण तो नेमका कशावर होता ते मला सांगता येत नव्हतं. आबांनी मशीनच्या ओढीने आईला सोडलं नव्हतं. आम्हाला जगवणारं काम जाईल या भीतीने सोडलं होतं. हे कळत होतं, आणि कळून काही कमी होत नव्हतं. मी मुळात एकाच गोष्टीभोवती फिरत होतो. अक्का तेव्हा सात वर्षांची, शाळेत गेलेली असणार. मी तीन वर्षांचा. मग त्या दिवशी आई खोलीत एकटीच होती का?

तिसऱ्या शनिवारी मी चोपड्याला गेलो. अक्का केळीच्या मळ्यातून नुकतीच आली होती. मी पाणीही न घेता म्हणालो, "तुला माहीत होतं."

"हो," ती म्हणाली. "आबा म्हणाले होते, त्याला मी स्वतः सांगेन. सात-आठ वर्षं त्यांना जमलं नाही, आणि मग बोलणंच गेलं."

"मग तू सांगायचंस. एवढं मशीन कशाला करायला लावलंस?"

ती बराच वेळ पदराला लागलेला चीक पुसत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं. त्यांना तुला सांगायचं होतं."

मी तिला आईबद्दल विचारलं. तिला आठवत होतं ते शाळेतून येताना चाळीच्या दारात दिसलेली माणसं, आणि एवढंच. तिसऱ्या फ्लॉपीत त्या दिवसाचं आणखी काही असेल, असं ती म्हणाली. त्यांनी नंतर पुन्हा तो विषय काढला होता, पण नेमकं काय सांगितलं ते तिला आठवेना.

ती माझ्याबरोबरच नशिराबादला आली. आबा अंगणात बसले होते. मला पाहून ते काठी शोधायला लागले. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि बऱ्याच वेळाने काढला.

तिसरी फ्लॉपी वाचली गेली नाही. तिच्या काळ्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. मी ती कापसाने हळूहळू पुसली, ड्राइव्हचं डोकं साफ केलं, दुकानदाराला दाखवली, धुळ्यालाही नेऊन पाहिली. ड्राइव्ह नुसता टकटक करायचा. शेवटी अक्काने सुचवलं, की तिला जेवढं आठवतं तेवढं ती सांगेल, मी टाइप करायचं, आणि आबांनी ऐकायचं.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा दोन दिवस येऊ लागली. तिने सांगितलं, की आबा तिची वेणी घालायला जिनातल्या कामकरी बायांकडून शिकले आणि सुरुवातीला सुतळी वळल्यासारखी घट्ट घालायचे. मला कावीळ झाली तेव्हा ते अकरा दिवस कामावर गेले नाहीत. हे मला माहीत नव्हतं. मी टाइप करता करता थांबलो, आणि अक्काही थांबली.

आईच्या जाण्यानंतरचे दिवस सांगताना ती म्हणाली, की तेव्हा मावशी राहायला आली होती. आबांनी जोरात मान हलवली. नाही. आत्या? नाही. मग आम्ही एकेक माणूस विचारत गेलो. नात्यातली बाई का? नाही. चाळीतली? हो. शेजारच्या खोलीतली? हो. अक्काला तिचा चेहरा आठवला, नाव आठवेना. गठाणी शिवणारी म्हातारी होती, पुढे मुलाकडे मध्य प्रदेशात गेली. ती नंतर आली होती का, असं अक्काने विचारलं. आबांनी मान हलवली. नाही, आणि मग बोटाने मागे, मागे अशी खूण केली.

मी विचारलं, "त्याच दिवशी?"

हो.

"आईजवळ होती?"

हो.

"सकाळपासून?"

त्यांनी थोडा विचार केला. मग हाताने डोक्यावरचा सूर्य दाखवला. दुपारपासून. मग मी कुठे होतो, ते मी विचारलं. आबांनी माझ्याकडे बोट केलं, आणि डावा हात छातीशी धरून मूल घेतल्यासारखा हलवला. म्हातारीच्या मांडीवर का, असं अक्काने विचारलं. हो. आईच्या जवळच का? हो.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांच्याही आलं. अक्का उठून चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. सगळं मिळून साठ-सत्तर पानं झाली. छापखान्याच्या मालकांनी त्यांच्या प्रिंटरवर ती दोनदा छापून दिली, एक प्रत अक्काकडे आणि एक माझ्याकडे. शेवटच्या भागात आई एकटी नव्हती ही हकीकत मी एका परिच्छेदात लिहिली होती. अक्काने ती वाचली आणि म्हणाली, हे आबांच्या शब्दांत नाही, वाचणाऱ्याला तसं वाटायला नको. म्हणून तिच्या सांगण्यावरून मी त्याच्याखाली एक ओळ वाढवली: हे आबांनी मान हलवून सांगितलं.